काचेपलीकडची खोली

मुंबईत गावदेवीच्या लॅबर्नम रोडवर मणिभवन ही तळमजला आणि वर दोन मजले असलेली जुनी इमारत आहे. शाळांच्या सहली तेथे नेहमी जातात. ग्रंथालय, भिंतींवरची छायाचित्रे, गांधीजींच्या आयुष्यातील प्रसंगांचे सुशीला गोखले-पटेल यांनी योजलेले छोट्या बाहुल्यांचे देखावे, हे सारे पाहत मुले दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीपाशी येतात. जमिनीवर गादी, बसून लिहायचे बुटके मेज, चरखे, आणखी मोजक्या वस्तू. गांधीजी मुंबईत आले की याच खोलीत राहत. पण खोली पाहायची ती काचेतून. मग कोणी तरी विचारतेच, की आत का जाऊ देत नाहीत?

या प्रश्नाला बहुतेक वेळा "वस्तूंना हात लावायचा नाही" एवढेच उत्तर मिळते. उत्तर खोटे नाही, पण फार अपुरे आहे. त्या काचेमागे आठवी-नववीच्या पुस्तकातले बरेचसे विज्ञान उभे आहे. आर्द्रता, प्रकाश, क्षार, बुरशी आणि कीटक यांच्याशी एका घराची चाललेली झटापट आहे. आणि एक पेचही आहे. घर लोकांना दाखवण्यासाठी जपायचे, आणि दाखवले की ते थोडे झिजते. या लेखात आपण हा पेच जरा जवळून पाहू या.

आधी घराविषयी थोडेसे. मणिभवन हे रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचे घर. ते गांधीजींचे लंडनपासूनचे स्नेही डॉ. प्राणजीवन मेहता यांचे बंधू. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजींचा मुंबईतील मुक्काम प्रामुख्याने येथे असे. १९१९ च्या एप्रिलमध्ये रौलट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहाची सूत्रे येथून हलली. छापखान्यांवरील कायदा मोडून काढलेले 'सत्याग्रही' हे पत्रकही त्याच दिवसांतले. गोलमेज परिषदेहून परतल्यावर ४ जानेवारी १९३२ रोजी पहाटे गांधीजींना अटक झाली, तीही याच घराच्या गच्चीवरच्या तंबूतून. १९५५ मध्ये गांधी स्मारक निधीने ही वास्तू स्मारकासाठी घेतली. पुढे १९५९ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि २०१० मध्ये बराक ओबामा येथे येऊन गेले. त्यांच्यासारख्यांची नावे वर्तमानपत्रांत येतात. रोज येणाऱ्या शेकडो लोकांची येत नाहीत, पण घराच्या दृष्टीने महत्त्व याच लोकांना आहे. का, ते पुढे कळेल.

पेटी आणि घर

राहत्या घराचे संग्रहालय करण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन यांचे माउंट व्हर्नन येथील घर मोडकळीस आले, तेव्हा काही स्त्रियांनी एकत्र येऊन वर्गणी गोळा केली आणि १८५८ मध्ये ते विकत घेण्याचा करार केला. आज असे संग्रहालय नाही असा देश शोधावा लागेल.

नेहमीच्या संग्रहालयात वस्तू ही वस्तू असते आणि इमारत ही तिची पेटी असते. पेटी हवी तशी बांधता येते: जाड भिंती, मोजक्या खिडक्या, चोवीस तास वातानुकूलन. घर-संग्रहालयात मात्र पेटी हीच मुख्य वस्तू असते. जिना, कठडे, दारे, फरशी, भिंतीचा गिलावा, सगळेच जपायचे. शिवाय मुंबईतले जुने घर बांधलेले असते ते नेमके उलट हेतूने. वारा आत यावा, उकाडा बाहेर जावा म्हणून त्याला मोठ्या खिडक्या, वर झरोके, पुढे सज्जे. माणसाला सुख देणारी प्रत्येक फट ही जुन्या कागदाला आणि कापडाला त्रास देणारी फट ठरते. खिडक्या कायमच्या बुजवाव्यात, तर ज्या घरासाठी आपण आलो ते घरच राहत नाही.

वातानुकूलन यंत्र लावले की प्रश्न सुटला, असे पुष्कळांना वाटते. सकाळी दहाला यंत्र सुरू करायचे आणि संध्याकाळी सहाला बंद, अशी पद्धत असेल तर जुन्या लाकडाला ते यंत्र नसलेले बरे. दिवसा हवा कोरडी, रात्री पुन्हा दमट, असे हेलकावे रोज बसू लागतात. आर्द्रता थोडी जास्त असूनही स्थिर असली, तर तिच्याशी लाकूड जुळवून घेते. सततचे चढउतार त्याला सोसत नाहीत.

पावसाळ्यात दार का अडकते?

मुंबईत वर्षाला सव्वादोन मीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या काळात सापेक्ष आर्द्रता कित्येक दिवस ८० ते ९० टक्क्यांवर राहते. हिवाळ्यातल्या दुपारी ती पन्नासच्या घरात किंवा त्याखालीही उतरते. लाकूड हे मृत झाले तरी पाण्याची देवाणघेवाण थांबवत नाही. हवेत आर्द्रता ५५ टक्के असताना लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १० टक्के पाणी असते. आर्द्रता ८५ टक्के झाली की ते सुमारे १७ टक्क्यांवर जाते. हे पाणी पेशींच्या भित्तिकांमध्ये शिरते आणि लाकूड फुगते. गंमत अशी, की ते लांबीत जवळजवळ फुगत नाही, रुंदीत फुगते. सागाच्या बाबतीत पाण्याचे प्रमाण एका टक्क्याने वाढले, की रुंदी सुमारे ०.१९ टक्के वाढते. म्हणजे ३० सेंटिमीटर रुंदीची सागवानी फळी हिवाळ्यापासून ऐन पावसाळ्यापर्यंत साधारण ४ मिलिमीटर रुंद होते. आपल्या घरातले दार जुलैत का अडकते, याचा हा हिशेब.

आणि सागाचे फुगणे इतर अनेक लाकडांच्या मानाने कमीच आहे. जुन्या सुतारांना हा आकडा ठाऊक नव्हता, पण गोष्ट ठाऊक होती. म्हणून मोठे दार ते एका सलग फळीचे करीत नसत. चौकट करून तिच्या खाचेत फळी नुसती अडकवून ठेवत. या फळीला दिलहा म्हणतात. दिलहा चौकटीला खिळ्याने किंवा सरसाने पक्का केलेला नसतो, त्यामुळे तो खाचेतल्या खाचेत फुगतो आणि आक्रसतो. चौकट जागची हलत नाही. आता एखाद्या उत्साही माणसाने "दार खडखडते" म्हणून खाचेत लांबी भरून दिलहा घट्ट केला, तर पहिल्याच कोरड्या हिवाळ्यात फळी उभी तडकते. जुन्या घरांचे पुष्कळ नुकसान दुर्लक्षाने होते हे खरेच. पण चुकीच्या दुरुस्तीने होणारे नुकसानही थोडे नसते.

हीच गोष्ट भिंतींची. जुन्या इमारतींच्या विटांमधला दर्जा आणि वरचा गिलावा चुन्याचा असे. चुनखडी भाजली की कळीचा चुना, त्यात पाणी घातले की विरलेला चुना, आणि तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो, हे आपण वर्गात शिकवतोच. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो. जमिनीतून चढलेली किंवा पावसात मुरलेली ओल त्यातून वाफ होऊन बाहेर पडते. त्यावर सिमेंटचा दणकट थर चढवला की ही वाट बंद होते. ओल आतच राहते, वर चढते, आणि जिथे फट सापडेल तिथे बाहेर येते. येताना ती विरघळलेले क्षार आणते. पाणी उडून गेल्यावर क्षारांचे स्फटिक गिलाव्याच्या छिद्रांत वाढतात आणि त्याचे पापुद्रे उडवतात. भिंतीवर पांढरी बुरशी आल्यासारखे दिसते ते पुष्कळदा बुरशी नसून क्षार असतात. ओळखायचे सोपे आहे: थोडेसे खरवडून पाण्यात टाकावे. क्षार विरघळतात, बुरशी विरघळत नाही.

मणिभवनापासून गिरगाव चौपाटी चालत दहा मिनिटांवर. समुद्राच्या वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण येतात आणि धुळीत मिसळून प्रत्येक पृष्ठभागावर बसतात. शुद्ध मीठ सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते, ते तर याहून पुष्कळ कमी आर्द्रतेला ओलसर होते. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते ते यामुळे. आता हेच मीठ कपाटाच्या लोखंडी बिजागरीवर किंवा जुन्या पंख्यावर बसले आहे अशी कल्पना करावी. त्यावर चार महिने खाऱ्या पाण्याचा अदृश्य पातळ थर राहतो आणि लोखंड गंजत राहते. म्हणून अशा घरात धूळ पुसणे हे केवळ टापटिपीचे काम नाही. ते जतनाचे मुख्य काम आहे, आणि ते मऊ कोरड्या कुंचल्याने, हलक्या हाताने करावे लागते. ओल्या फडक्याने मीठ पुसले न जाता पसरते.

जुनी छायाचित्रे ओलाव्याने वेगळ्याच तऱ्हेने बिघडतात. कृष्णधवल छायाचित्रातील चांदीचे कण जिलेटिनच्या थरात बसवलेले असतात. जिलेटिन हे प्रथिन. दमट हवेत ते मऊ व चिकट होते आणि समोरच्या काचेला धरते. आजोबांचा फोटो काचेला चिकटलेला आपण अनेक घरांत पाहिला असेल. उपाय साधा आहे. छायाचित्र आणि काच यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट घालून थोडी पोकळी ठेवायची. जयंतीच्या दिवशी जुन्या तसबिरींना ताज्या फुलांचे ओले हार घालण्याची आपली पद्धत याच कारणाने आम्हाला धोक्याची वाटते. फुलांबरोबर पाणी येते आणि किडेही. या बाबतीत गांधीजींच्या अनुयायांचा सुताचा हार अधिक शास्त्रीय म्हणायचा.

प्रकाशाचा जमाखर्च

खादी म्हणजे कापूस आणि कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. सेल्युलोजचे रेणू म्हणजे ग्लुकोजच्या घटकांच्या लांबलचक साखळ्या. प्रकाशाची ऊर्जा, विशेषतः अतिनील किरणांची, आणि हवेतला ऑक्सिजन मिळून या साखळ्या तोडत जातात. साखळ्या आखूड झाल्या की धागा ठिसूळ होतो. कागदात याहून वाईट घडते. वर्तमानपत्राच्या स्वस्त कागदात लाकडातले लिग्निन तसेच राहिलेले असते. प्रकाशात त्याचे ऑक्सिडीकरण होऊन कागद पिवळा पडतो. एकोणिसाव्या शतकात शाई पसरू नये म्हणून कागदात तुरटी व राळ घालू लागले. तुरटीमुळे कागदात आम्लता येते आणि आम्ल सेल्युलोजच्या साखळ्या आतूनच तोडते. त्यामुळे चिंध्यांपासून हाताने केलेला तीनशे वर्षांपूर्वीचा कागद घडी सोसतो, आणि १९२० सालचे वर्तमानपत्र हातात घेतले की मोडते.

प्रकाशाने झालेल्या नुकसानीचे वैशिष्ट्य असे, की ते साठत जाते आणि कधीच भरून येत नाही. वस्तू रात्री अंधारात ठेवली म्हणून दिवसाचे नुकसान पुसले जात नाही. म्हणून संग्रहालयवाले प्रकाशाचा हिशेब पैशासारखा ठेवतात. कागद आणि कापड यांच्यावर ५० लक्सपेक्षा जास्त प्रकाश पडू देऊ नये असा संकेत आहे. तितक्या मंद प्रकाशात दिवसाला ८ तास वस्तू दाखवली तर ४०० लक्स-तास खर्च झाले. तीच वस्तू खिडकीजवळ २,००० लक्स प्रकाशात ठेवली तर दिवसाचा खर्च १६,००० लक्स-तास, म्हणजे चाळीस दिवसांचा खर्च एका दिवसात. आणि उन्हाचा पट्टा थेट वस्तूवर पडला तर? भर दुपारचे ऊन सुमारे १,००,००० लक्स असते. एका तासात २५० दिवसांची पुंजी संपली! खिडकीचा पडदा एक दिवस ओढायचा राहिला तर काय होते, हे यावरून समजावे. साधी काच अतिनील किरणांचा काही भागच अडवते. उरलेले अडवण्यासाठी काचेवर पारदर्शक पातळ पटल चिकटवता येते. एलईडी दिव्यांतून अतिनील किरण जवळजवळ येत नाहीत, ही अलीकडची मोठी सोय.

संग्रहालयांतला अंधुक उजेड हा कंजूषपणा नव्हे, हे मुलांना आधीच सांगून ठेवले तर बरे. जी पत्रे फार मोलाची, त्यांची उत्तम प्रत भिंतीवर लावून मूळ पत्र अंधारात ठेवणे हा मार्ग अनेक संग्रहालये स्वीकारतात. काही प्रेक्षकांना ही फसवणूक वाटते. आम्हाला वाटत नाही, मात्र खाली 'प्रत' असे स्वच्छ लिहिलेले असले पाहिजे.

न बोलावलेले पाहुणे

सेल्युलोज हे आपल्याला न पचणारे अन्न, पण वाळवीच्या आतड्यातले सूक्ष्मजीव ते पचवतात. वाळवी ओलसर लाकडाकडे जाते आणि उजेड टाळण्यासाठी मातीच्या नळ्या करीत चढते. भिंतीवर अशी नळी दिसली की आतली हानी बहुधा बरीच पुढे गेलेली असते. चांगल्या सागाच्या गाभ्यातील द्रव्ये वाळवीला मानवत नाहीत, म्हणून जुनी घरे टिकली. पण दुरुस्तीत आलेले हलके लाकूड तिला चालते. लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांची खूण म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढी भोके आणि खाली पिठासारखा भुगा. पुस्तकांतली कसर कागदापेक्षा बांधणीच्या खळीला अधिक भुलते, कारण खळ म्हणजे पिष्ट.

एके काळी या साऱ्यांवर डीडीटी आणि आर्सेनिकची संयुगे सढळ हाताने वापरत. त्याचा परिणाम म्हणजे जगातल्या काही संग्रहालयांत जुन्या वस्तू आज हातमोजे घालून हाताळाव्या लागतात. आता पुस्तके व कापडे प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंश सेल्सिअसला आठवडा-दोन आठवडे ठेवतात. अंडी, अळ्या आणि किडे तिन्ही मरतात, विष मात्र उरत नाही. अर्थात जिना काही शीतपेटीत मावत नाही. तेथे हातात विजेरी घेऊन कोपरे तपासणारा माणूसच लागतो.

चाळीस मुलांचा श्वास

आता काचेकडे येऊ. शांत बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो आणि श्वास व घाम मिळून ताशी निदान ५० ग्रॅम पाण्याची वाफ सोडतो. एका वर्गातली ४० मुले ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद, साडेतीन मीटर उंच खोलीत अर्धा तास थांबली असे धरू. (हे माप उदाहरणासाठी घेतले आहे.) त्यांनी सोडलेले पाणी ४० × ५० × १/२, म्हणजे १,००० ग्रॅम. एक लिटर! खोलीचे घनफळ ७० घनमीटर. २८ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे २७ ग्रॅम वाफ मावते, म्हणजे सगळ्या खोलीत सुमारे १,९०० ग्रॅम. आर्द्रता आधी ६० टक्के असेल तर हवेत १,१४० ग्रॅम वाफ होतीच. त्यात हजाराची भर पडली तर बेरीज २,१४० होते. हवेची कुवत ओलांडली! खिडक्या बंद असतील तर उरलेले पाणी भिंतींवर, कापडांवर, कागदावर उतरणार. खिडक्या उघड्या असतील तर हे सगळे होत नाही, पण मग वारा, मीठ आणि धूळ आत येतात. शिवाय ४० मुले म्हणजे चार किलोवॅटची शेगडी.

याखेरीज पायांबरोबर येणारी रेती फरशी घासते, बोटांचा घाम व तेल लाकडावर बसते, खांद्यावरची पिशवी कोपऱ्याला लागते. एका माणसाने केलेले नुकसान मोजताही येत नाही. ते वर्षांच्या दिवसांनी आणि दशकांनी गुणले की दिसू लागते. मध्ये काच घातल्याने माणसांची हवा आणि वस्तूंची हवा वेगळी होते. खोली दिसते, तिची पुंजी मात्र हळू खर्च होते.

काचेने काही गमावतेही. गांधीजींनी आत्मकथेत लिहिले आहे, की आजारपणात ते रेवाशंकरभाईंच्या घरी असताना रोज एक पिंजारी तार वाजवीत रस्त्याने जाई. त्याला बोलावून त्यांनी चरख्याच्या पेळूंसाठी कापूस पिंजून घेतला, आणि पुढे आपल्या खोलीत सुरू झालेल्या चरख्याच्या गुंजनाचाही बरे होण्यात वाटा होता, असे ते म्हणतात. चरखा जपता येतो, त्याचे गुंजन काचेमागे ठेवता येत नाही. जुना चरखा फिरवून दाखवावा तर त्याचे सांधे झिजतील. आमच्या मते यावर उत्तर एकच: जुना चरखा स्वस्थ राहू द्यावा आणि शाळेत नवा आणून मुलांना सूत काढू द्यावे.

पेच तरी पूर्ण सुटत नाहीच. तुळईचे कुजलेले टोक बदलावे लागते, फुटलेली कौले बदलावी लागतात. किती बदलले म्हणजे घर तेच राहत नाही? जपानमध्ये इसे येथील देवस्थान दर २० वर्षांनी नव्याने बांधतात आणि तरीही ते प्राचीन मानतात, कारण तेथे जपले जाते ते बांधण्याचे कौशल्य. १९६४ च्या व्हेनिसच्या जाहीरनाम्याने वेगळा दंडक घातला. नवा भाग जुन्याशी मिळताजुळता असावा, पण जवळून पाहता नवा म्हणून ओळखू यावा. आपल्याला हा दंडक पटण्यासारखा आहे. गच्चीवरचा तंबू आज नाही आणि जुना म्हणून नवा तंबू उभारणे योग्यही नव्हे.

१४ ऑगस्ट १९३१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर गांधीजींना भेटले ते मणिभवनातच. पुढे दोन-तीन वर्षांत दादरच्या हिंदू कॉलनीत बाबासाहेबांचे स्वतःचे घर उभे राहिले, 'राजगृह'. आपला अफाट ग्रंथसंग्रह नीट राहावा हा ते बांधण्यामागचा एक हेतू होता. तेथेही खालच्या मजल्यावर स्मारक आहे, वर कुटुंब राहत आले आहे. राहत्या घरात स्वयंपाक होतो, दारे उघडझाप होतात, पण गळती पहिल्याच पावसात लक्षात येते आणि कुबट वास कोणाला तरी लगेच येतो. घर जपण्याच्या साधनांत घरात माणूस असणे हे एक आहे, आणि ते विकत मिळत नाही.

वर्गात करण्याजोगा एक प्रयोग सांगून थांबतो. वर्तमानपत्राचा एक कोरा काठ, खादीचा रंगीत तुकडा आणि हातकागदाचा तुकडा घ्यावा. प्रत्येकाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकून तिन्ही तुकडे दक्षिणेकडच्या खिडकीत लावावेत. अशाच तुकड्यांचा दुसरा संच बंद कपाटात ठेवावा. शेजारी दोन तापमापक टांगून एकाच्या फुग्याला ओली कापडी वात गुंडाळावी आणि दोन्ही तापमानांतील फरक रोज ठरावीक वेळी नोंदवावा. फरक कमी तितकी हवा दमट. पंधरा दिवसांनी काळा कागद काढून झाकलेला आणि उघडा भाग ताडून पाहावा, आणि तुकडे तारखेसह वहीत चिकटवून ठेवावेत. कोणता तुकडा सर्वांत आधी बदलला, ते मुलांनी आधी अंदाजाने लिहून ठेवलेले असावे.